टाकावरची तिरीप

आमच्या स्टुडिओच्या दारावर एक पाटी होती: ‘फोटोसाठी आणायची वस्तू घासून आणू नये.’ सांगलीच्या पेठेतून येणारा-जाणारा ती वाचायचा आणि हसायचा. फोटोला जायचं म्हणजे माणूस न्हातो-धुतो, केसांना तेल लावतो, ठेवणीतलं धोतर काढतो, आणि हा गृहस्थ म्हणतो तांब्या मळकाच आणा! समोरच्या कापडवाल्यानं तर एकदा मला विचारलंच, “तुमच्या मालकांचं डोकं ठिकाणावर आहे ना हो?” मी म्हटलं, “आहे, पण ठिकाण जरा आडबाजूला आहे.”

मालकांचं नाव मी सांगणार नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणे. त्या काळी सांगलीत खडा मारला तरी तो कुठल्या ना कुठल्या अण्णाला लागायचा, त्यामुळं अण्णा म्हटल्यानं कुणाचं गुपित फुटत नाही. जवळच्याच गावच्या जैन शेतकऱ्याचे ते धाकटे चिरंजीव. घरी हळद होती, तंबाखू होती, बैलांच्या दोन जोड्या होत्या. ते सगळं थोरल्यांवर सोडून यांनी पेठेत माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या आणि त्यात एक भलाथोरला कॅमेरा मांडला. माणसांचे फोटो ते काढत, पण पोटापुरते. नवं जोडपं असो, मुंजीतला बटू असो की पलटणीत निघालेला पोरगा असो, सगळ्यांना एकाच खुर्चीत बसवून पाच मिनिटांत मोकळे करत. खरा जीव धातूच्या बारक्या वस्तूंवर. अंगठी, कुलूप, कानकोरणं, तपकिरीची डबी असलं काही समोर आलं की त्या वस्तूभोवती ते दिवसदिवस घुटमळत.

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा युद्ध चालू होतं. मी ड्रॉइंगची परीक्षा पास झाले होते आणि मुलींच्या शाळेत जागा रिकामी नव्हती. स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल चालवणारं माणूस हवं होतं. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं बारीक ठिपके दिले की फोटोत देवीचे व्रण बुजतात, सुरकुत्या जातात, वरमाय दहा वर्षांनी लहान होते. वडील मला घेऊन माडी चढले. अण्णांनी माझ्या सर्टिफिकेटाकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरची पितळेची पळी माझ्यापुढं सरकवली.

“काय दिसायलंय?”

“पळी.”

“पळी हाय ते आंधळाबी सांगंल. पळीत काय दिसायलंय?”

मी वाकून पाहिलं. “दोन खिडक्या, एक दार आणि तुमचं टक्कल.”

बोलून गेले आणि जीभ चावली. वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. अण्णा मात्र टक्कल कुरवाळत म्हणाले, “उद्या येतासा, का आजच बसतासा?” मी त्याच दिवशी बसले ते चार वर्षं तिथंच होते.

त्यांचं म्हणणं असं की धातूला स्वतःचं तोंड नसतं. जे समोर येईल ते तो तोंडावर घेऊन बसतो. म्हणून आधी समोरचं सगळं हटवायचं, मग धातू बोलतो. त्यासाठी त्यांनी मोडक्या छत्रीच्या काड्यांवर आपल्या जुन्या धोतराचा एक तंबू उभा केला होता. वस्तू त्या तंबूत, भिंगापुरतं धोतराला भोक, आणि बाहेरून कापडातून गाळून येणारा मऊ उजेड. स्वतः ते कायम काळा कोट घालत. खोलीत दुसरं कुणी असेल तर त्यानं काळी घोंगडी पांघरलीच पाहिजे, नाहीतर त्याचा पांढरा सदरा पितळेत उतरतो. वैशाखाच्या उन्हात प्रतिष्ठित माणसं घोंगडी पांघरून घाम पुसत बसलेली मी पाहिली आहेत. ‘उजेड आणायला अक्कल लागत न्हाई बाई, अडवायला लागतीया,’ हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलं की पुढं शाळेत मुलींनाही तेच ऐकवू लागले.

घोंगडी नाकारणारा एकच निघाला. भांड्यांचे एक बडे व्यापारी होते. त्यांना गावोगावच्या दुकानदारांना दाखवायला आपल्या मालाचं फोटोंचं पुस्तक करायचं होतं. शेटजी स्वतः देखरेखीला हजर, डोक्यावर मोठी पगडी. अण्णांनी दोनदा सांगितलं, घोंगडी घ्या नाहीतर मागं सरा. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. फोटो तयार झाले आणि प्रत्येक तांब्यात, प्रत्येक पेल्यात, फुलपात्राच्या पोटात शेटजींची पगडी! मला वाटलं आता मोठं रामायण होणार. शेटजींनी चष्मा लावला, पानं उलटली आणि मुनीमजींना हाक मारली, “अहो, हे पाहा, भांड्याभांड्यात मी आहे!” एक जादा प्रत त्यांनी सासुरवाडीला धाडली. अण्णा पुढं आठ दिवस घुश्शात होते. त्यांना अद्दल घडवायची होती आणि झालं उलटंच.

वस्तू उभी राहावी म्हणून फोटोग्राफर मेण वापरतात. मेण म्हणजे मधमाश्यांचं घर मोडलं, म्हणून अण्णा मेणाला शिवत नसत. ते कणकेचा गोळा वापरत. कणीक आली की मुंग्या आल्या, आणि मुंगी झटकायची तर तीही दुखावणार. मग सोनार जिन्यात ताटकळत उभा, अंगठीवर मुंगी फिरतेय आणि अण्णा हाताची घडी घालून वाट बघतायत. “तिचं काम आटपू दे, मग आपलं,” असं म्हणत. त्यांच्या आईनं एकदा विचारलं होतं की काचेवर ते चिकट असतं ते कशाचं. ते हाडांपासून काढतात हे अण्णांना ठाऊक होतं. आईला ते “परदेशी डिंक” म्हणाले, आणि त्या दिवसापासून काचा धुऊन झाल्या की अंघोळ करू लागले. थंडीतसुद्धा. आईशी खोटं बोलल्याची अंघोळ की हाडाची, हे मी कधी विचारलं नाही.

साताऱ्याला एका हौशी गृहस्थांकडे अडकित्त्यांचा मोठा संग्रह होता. घोड्याच्या आकाराचे, मोराच्या आकाराचे, नाना परीचे. सगळ्यांचे फोटो काढायला अण्णांना बोलावणं आलं. छत्रीचा तंबू, घोंगड्या, कणकेचा डबा असं बिऱ्हाड घेऊन अण्णा गेले आणि पाचव्या दिवशी परत आले. मी विचारलं, “किती झाले?” म्हणाले, “एक.” पाच दिवसांत एक अडकित्ता! घरमालक पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशी जरा चिडले, तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा बंद केला. पण तो फोटो मी पाहिला. दोन्ही दांड्यांवर वापरणाऱ्याच्या हातानं पडलेली झीज दिसत होती. कुणातरी माणसानं आयुष्यभर हा हातात धरलाय हे कळत होतं. पुढं कळलं, साताऱ्याच्या दिवाणखान्यात तो एकच फोटो चौकटीत लागला आणि अडकित्ते गेले कपाटात.

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा घरचा नेम. त्यामुळं साडेपाचला घरून डबा आला की काम बंद. लाटसाहेबाची अंगठी असती तरी बंद. सूर्य पोटाचं आणि फोटोचं, दोन्ही दुकानं एकदमच मिटतो, असं ते म्हणत.

अशा माणसाकडे एक दिवस ती आली.

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा होता. जिन्यात कुणीतरी थांबत थांबत चढतंय असं वाटलं, म्हणून मी पाहिलं तर एक तरुण बाई. सहा-सात महिन्यांची गरोदर, नऊवारीचा ओचा नीट खोवलेला, आणि हातात हळदकुंकवाच्या डागांचं फडकं. माण तालुक्यातली. नवरा इथं हळदीच्या बाजारात हमाल. तिनं फडकं उलगडलं. आत चांदीचा टाक होता.

देव्हाऱ्यात मूर्तींबरोबर चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेल्या आकृती ठेवतात, देवाच्या किंवा घरातल्या कुणा पूर्वजाच्या, ते टाक. दोन बोटांएवढे. भाऊ वेगळे निघाले की धाकटा आपल्या देव्हाऱ्यासाठी तसेच नवे टाक सोनाराकडून घडवून घेतो. हा टाक त्यांच्या घरच्या वीराचा. कुठल्याशा लढाईत पडलेला पूर्वज, घोड्यावर बसलेला. पण किती पिढ्यांनी तो धुतला-पुसला असेल कोण जाणे, चांदी पार गुळगुळीत झाली होती. घोडा ओळखू येई. वर काहीतरी फुगवटा होता, एवढंच.

“आमच्या आत्याबाई जाताना बोलल्या,” ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणत होती. “म्हनल्या, घोड्यावर दोघं हायती, एकल्याला घडवू नगा. थोरलं भावजी म्हनत्यात, तापात बडबडली म्हातारी, वीर एकलाच हाय. त्यावरनं भावाभावात आलं. आता एकमेकाच्या घरी पानीबी पीत न्हाईत. सोनार म्हनतो, मला दिसत न्हाई ते मी मनानं घडवनार न्हाई.”

टाक थोरल्यानं आठ दिवसांपुरता दिला होता. घट बसायच्या आत तो परत देव्हाऱ्यात हवा. आणि हिला बाळंतपणाच्या आधी घरात देव बसवायचे होते.

“एकलाच घडवला, आन् असली जोडी, तर?” तिनं पोटावर हात ठेवला होता. “माज्या हातनं जोडी मोडायची व्हय?”

अण्णांनी टाक उचलून उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा बदलला. चांदी आरशासारखी लखलखत होती.

“घासलासा?”

“व्हय. राखेनं आन् रिठ्यानं. दोनदा.”

“पाटी वाचली न्हाई?” अण्णा ओरडलेच. “रेघांत काळं बसलं होतं तेवढाच आधार होता! देव धुतलासा का पुसलासा?”

ती घाबरली नाही. उलट तिलाच आमचं नवल वाटलं. “वाचाया येत न्हाई मला. आन् आवं, पारोसा देव आनू व्हय परक्याच्या घरी?”

अण्णा खुर्ची घेऊन आले, तिला बसवलं आणि मला म्हणाले, “बाई, गूळ-पाणी द्या यांना.” मग स्वतः खाली बसून हळूच विचारलं, “काळं परत घालावं लागंल. काजळ लावलं तर चालंल का तुमच्या देवाला?”

“लावा की. लेकराला लावतोच न्हवं आपन?”

एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरलं, टाकाला लावलं आणि मलमलीनं इतकं अलगद पुसलं की जिथं खोल आहे तिथंच ते राहावं. काही रेघा उमटल्या. घोड्याची आयाळ दिसली, लगाम दिसला. वरचं मात्र कळेना. धोतराच्या तंबूत ठेवून माणसांच्या फोटोसाठीच्या साध्या काचेच्या निगेटिव्हवर एक फोटो काढला. त्यात स्वार दिसला आणि स्वाराच्या पाठीशी एक ढेकूळ. माणूस म्हणावं तर माणूस, बोचकं म्हणावं तर बोचकं.

इथं मी माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या दुपारी अण्णा आत होते आणि ती निगेटिव्ह माझ्यासमोर होती. हातात पेन्सिल. डोक्यावर पदराची एक रेघ, खांद्याला एक वळण, पाच मिनिटांचं काम होतं. ती बाई निर्धास्त होणार, सोनार घडवणार, म्हातारीचा शब्द राहणार, आणि कुणाला काय कळणार होतं? मी पेन्सिल टेकवली देखील. मागून अण्णांनी माझ्या हातातून ती काढून घेतली. रागावले नाहीत.

“वरमायंच्या सुरकुत्या पुसा बाई, तिला ठावं असतंय की आपण पुसल्यात,” ते म्हणाले. “ह्या पोरीनं आपल्याला बघायला सांगितलंय. घडवायला सोनार हाय.”

मला इतकी लाज वाटली की मी दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ नये असं मनात आलं. गेले मात्र.

अण्णांपाशी फोटो घ्यायची युद्धाआधीची एक विलायती काच शिल्लक होती. अतिशय बारीक कण टिपणारी. तसल्या काचा आता येत नव्हत्या. ती त्यांनी डब्यात तांबड्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती आणि दोन वर्षांत कितीही चांगल्या वस्तू आल्या तरी काढली नव्हती. त्या दिवशी त्यांनी तो डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, “आणि चुकलं तर?” म्हणाले, “चुकलं तर चुकलं. ठेवून तरी कुणाला दाखवणार?”

मग त्यांनी धोतराचा तंबूच काढून टाकला. मऊ उजेड इथं कामाचा नाही, म्हणाले. संध्याकाळी शेतात ऊन आडवं आलं की भरदुपारी न दिसणाऱ्या सऱ्या कशा लांबून मोजता येतात, तसा आडवा उजेड हवा. सगळ्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पश्चिमेच्या खिडकीच्या फळीत एक फट ठेवली. तिच्यातून दिवस कलल्यावर पंधरा-वीस मिनिटं एक तिरीप आत यायची आणि टाकाला जेमतेम चाटून जायची. पण ती यायची नेमकी त्यांच्या जेवणाच्या वेळी.

पहिल्या संध्याकाळी ढग आले. अण्णा काळ्या फडक्याखाली कॅमेऱ्याच्या काचेला डोळा लावून बसले, तिरीप आली नाही, दिवस मावळला. जेवणाचा डबा तसाच परत गेला. दुसऱ्या संध्याकाळी ऊन आलं, पण टाकाचं तोंड चुकीच्या बाजूला होतं. ते सगळा वेळ कणकेचा गोळा केसाकेसानं फिरवत राहिले, काच मात्र वापरली नाही. जेवण पुन्हा परत गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या आईचा निरोप आला, पोराला बरं नाही का? तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी टाक उलटा फिरवला, उजेड घोड्याच्या शेपटीकडून घेतला. फडक्याखालून आवाज आला, “बाई, श्वास घेऊ नका.” मी खरंच घेतला नाही. त्यांनी काच घातली आणि झाकण काढलं.

काच धुऊन निघाली तेव्हा ती त्यांनी आधी माझ्यापुढं धरली. भिंग लावून मी पाहिलं. स्वाराच्या कमरेला मागून एक हात वेढलेला होता. मनगटाशी दोन बारीक रेघा. बांगड्या. हात एकदा सापडल्यावर मग सगळीच सापडली, त्याच्या पाठीला टेकलेलं डोकं, डोक्यावरचा पदर. मी रडायला लागले. अण्णा म्हणाले, “रडा, पण काचेवर नको,” आणि काचा धुतल्यानंतरची अंघोळ त्या दिवशी विसरले.

घट बसायच्या आदल्या दिवशी थोरला आला. टाक घ्यायला थेट स्टुडिओतच आला, भावाच्या घरी पाय ठेवायचा नव्हता म्हणून. उंच, खांद्यावर घोंगडी, दारातच उभा. धाकटी भावजय कोपऱ्यात पदर पुढं ओढून उभी होती. थोरल्या दिरासमोर बोलायची त्यांच्यात रीत नाही. अण्णांनी टाक त्याच्या हातात दिला आणि मग वितीएवढा मोठा केलेला फोटो समोर धरला.

त्यानं पुष्कळ वेळ पाहिलं. त्याला फोटो बघायची सवय नसावी. मग त्याचं जाडं बोट हळूहळू कमरेवरच्या त्या हातापाशी गेलं आणि बांगड्यांवर थांबलं.

“म्हातारी बडबडती, असं मी चार मान्सांत बोललो हुतो,” तो म्हणाला. “तिनं ऐकलं हुतं ते. मग बोललीच न्हाई कुनाशी.”

तो खाली बसला. अण्णा फोटो धरून तसेच उभे. थोड्या वेळानं त्यानं टाक पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि जमिनीवरून भावजयीकडे सरकवला.

“सोनाराकडं घेऊन जा, औंदा घटाला हा नसला तरी भागंल. जोडीच घडव म्हनावं. दोन घडव, एक तुज्या घरात, एक माज्या. आमच्यातबी आता दोघंच बसत्याल.”

तेव्हा ती बोलली. पदर तसाच ठेवून, भिंतीकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“भावजी, मुलगी झाली तर आत्याबाईंचं नाव ठेवायचं म्हनतोय आमी. बारशाला या.”

थोरल्यानं घोंगडीच्या टोकानं तोंड पुसलं. “येतो,” म्हणाला. “येतो की, पोरी.” उठला, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला आणि परत वर आला. “मुलगा झाला तरीबी येतो.”

पुढं कितीतरी दिवस अण्णा ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. काजळ, फट, विलायती काच, सगळं वगळायचे आणि थेट जिन्यापाशी यायचे. “दोन पायऱ्या उतरून परत वर आला बघा, आन् म्हणाला, मुलगा झाला तरीबी...” त्यापुढं त्यांना कधीच बोलता आलं नाही. राहिलेला शब्द मलाच सांगावा लागे.